दादाच्या खांद्याची सॅक

बसच्या रांगेत ही बाई तुमच्या मागे उभी असली, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. ती तुमच्या सॅकला हात लावणार. चोर नाही हो! चोरी तिच्या सात पिढ्यांत कुणी केली नाही. डावा पट्टा जिथे सॅकच्या पाठीला शिवलेला असतो, तिथे ती दोन बोटं घालते, जरासं ओढते आणि "हं" म्हणते. हे "हं" दोन प्रकारचं असतं, एक बरं आणि एक वाईट. वाईट निघालं तर ती तुमच्या खांद्यावर टकटक करून सांगते, "अहो, यात जड काही भरू नका. महिनाभरात पट्टा हातात येईल." लोक वळून बघतात, कुणी हसतं, कुणी घाईघाईने सॅक पोटाशी धरतं. तिला त्याचं काही वाटत नाही. खरं ते सांगायचं, मग ज्याची सॅक तो बघून घेईल.

सॅकच्या कारखान्यात तिला सव्वीस वर्षं झाली. एक लांब टेबल, त्यावर चौदा मशिनी, प्रत्येक मशिनीपुढे एक बाई आणि प्रत्येक बाईपुढे सॅकचा एकच तुकडा. कुणी जन्मभर चेन लावते, कुणी नुसते खिसे शिवते. हिच्याकडे डावा पट्टा. समोर बसते ती मैत्रीण उजवा पट्टा लावते, म्हणून सगळा कारखाना या दोघींना डावी आणि उजवी म्हणतो. पगाराच्या कागदावर दोघींची नावं काय आहेत, ते सुपरवायझरलाही कागद बघून सांगावं लागतं.

पट्टा लावायची रीत ठरलेली. आधी चौकोन शिवायचा, मग चौकोनात फुली, आणि सुई वर उचलण्याआधी कोपऱ्यात तीन टाके उलटे. नियम तीनचा आहे. डावी पाच घालते. नवा सुपरवायझर आला की दर वेळी तिला समजावायला येतो, की बाई, दोन टाके जास्त म्हणजे दिवसाकाठी इतका दोरा जास्त. डावी मशीन थांबवत नाही. "दोन टाक्यांनी कारखाना बुडत असेल तर बुडू दे," ती म्हणते. "माणूस कड्यावर उभा असताना पट्टा सुटला, तर तुम्ही जाणार आहात का त्याला धरायला?" सुपरवायझर आले आणि गेले, पाच टाके आहेत तिथेच आहेत.

लग्न तिने केलं नाही. का नाही केलं, असं कुणी विचारलंच तर "वेळ नाही झाला" म्हणते आणि विषय संपवते. राहते दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. खाली तळमजल्यावर तिचा मोठा भाऊ. तो पोस्टमन होता, आता निवृत्त. डावीच्या मनात जी काही माया आहे, ती सगळी या भावाकडेच वळलेली. भावाला ती दादा म्हणते आणि त्याच्याशी दणकून भांडते. चोपन्न वर्षांची झाली तरी तो तिला धाकटेच म्हणतो.

म्हणजे म्हणायचा. दीड वर्षापूर्वी वहिनी गेली, आणि दादाच्या तोंडाला कुलूप लागलं. हो, नाही, ठेव तिथे, भूक नाही, बस्स. एवढ्याच शब्दांवर माणसाने संसार चालवला. एक रविवार तेवढा शिल्लक होता. पहाटे उठून गळाचं सामान घ्यायचं, गावाबाहेरच्या तळ्यावर जायचं, आणि दुपारनंतर परत यायचं. तळ्यापर्यंत पाऊण तास चाल, शेवटी तर पायवाटच. आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जरा ऊन लागलेलं असायचं, जेवणही बरं जायचं. डावी मनात म्हणायची, एवढं आहे ना, मग बाकीचंही येईल हळूहळू.

मग खांद्याने दगा दिला. एक दिवस हात वरच होईना. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि बजावलं, एका खांद्यावर आता काही म्हणजे काही अडकवायचं नाही. न्यायचंच असेल तर दोन्ही खांद्यांवर सारखं, तेही बेताचं. दादाचं सगळं सामान एकाच पट्ट्याच्या जुन्या झोळीत. दुसऱ्या कुणी ते तळ्यापर्यंत पोचवावं, तर तेही नाही. "चौतीस वर्षं मी लोकांची ओझी वाहिली," तो म्हणाला. "माझं कुणी वाहायचं नाही." त्या महिन्यातलं हे त्याचं सगळ्यांत लांब वाक्य. त्यानंतर रविवारही गेला. दादा खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायला लागला.

रोज सकाळी जिना उतरताना डावी कान देऊन ऐकायची, आत खोकला ऐकू येतोय ना. हा असाच बसून राहिला, तर एक दिवस बसल्या जागी जाईल आणि मला दुपारपर्यंत कळणारही नाही, ही भीती तिने उजवीला बोलून दाखवली. उजवी म्हणाली, "अगं, मग दोन पट्ट्यांची सॅक आण ना त्याला! सॅक काय, तू आणि मी मिळून दिवसाला तीनशे करतो."

खरंच की! डावीला स्वतःच्या डोक्याचा राग आला. संध्याकाळी तिने दादाला सांगितलं, सॅक आणते. दादा म्हणाला, जुन्या झोळीला पडले होते त्याच्या दुप्पट देईन, वर एक पैसा नाही.

"झोळी घेतलीस तेव्हा मी दोन वेण्या घालत होते," डावी म्हणाली. "तेवढ्यात आता नुसती चेन येते. सॅक कशाला म्हणतात ते चेन हातात धरून बघत बस."

दादाने रक्कम वाढवली. फार नाही, पण वाढवली. मग थोड्या वेळाने, भिंतीकडेच बघत, म्हणाला, "मी येऊ का दुकानात?"

आता यावर तिने नाचायला हवं होतं. दीड वर्षात माणूस पहिल्यांदा आपणहून कुठे यायचं म्हणतोय! पण डावीचं कसं आहे, सॅकचा विषय निघाला की तिचं नाक आपोआप वर जातं. ती म्हणाली, "तू येऊन काय करणार? तुला काय कळतं सॅकमधलं? सव्वीस वर्षं मी काय भाजी निवडतेय?" दादा पुन्हा भिंतीकडे वळला. ती गळाचं सगळं सामान एका चादरीत बांधून एकटीच निघाली.

दुकान लहान, छतापर्यंत सॅक टांगलेल्या. दुकानदार गोड बोलणारा. त्याने आधी एक निळी सॅक पुढे केली, म्हणाला ही खास मासेमारीची.

"खास म्हणजे काय आहे हिच्यात?"

"हे बघा ना, मासा आहे." खिशावर खरंच माशाचं चित्र होतं. त्या चित्रापायी किंमत दीडपट. डावीने सॅक उलटी केली, आतलं अस्तर बाहेर काढलं, शिवणीवर नख फिरवलं. दोरा नखाबरोबर वर आला. "मासा चांगला काढलाय," ती म्हणाली आणि सॅक परत दिली.

पुढचा तासभर त्या दुकानात जे झालं ते बघण्यासारखं होतं. एकीची चेन तिने पंचवीस वेळा उघडली आणि लावली, सव्विसाव्याला दात अडकला. एकीच्या तळात बाटलीतलं पाणी ओतलं आणि खाली तळहात धरून उभी राहिली, कारण ओल्या काठावर सॅक टेकणार, आत गांडुळांचा डबा सांडणार, ओली जाळी त्यातच येणार. तळहात भिजला, सॅक बाद. एकीचा बाजूचा खिसा इतका उथळ, की गळाच्या काठीचे तुकडे त्यात उभे केले तर वाकून नमस्कार करायला लागले. चौथीला सगळं होतं, पण कापड इतकं जाड, की रिकामीच उचलताना हात भरून आला. घडीचं स्टूल, रीळ, शिशाचे मणी, पाण्याची बाटली, सगळं जमिनीवर मांडून ती एकेक सॅक भरायची, उचलायची, हलवायची, रिकामी करायची. इतर गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून बघत उभी राहिली.

"बाई, घ्यायची आहे की ऑपरेशन करायचंय?" दुकानदाराने विचारलं.

"तुम्ही विकून मोकळे," डावी म्हणाली. "माझ्या भावाला ही घेऊन घराबाहेर पडायचंय."

खरंच सांगायचं, तर असं निवडणं डोळे भरून बघावं. पैसे थोडे असले की माणसं मिळेल ते घेऊन गप्प बसतात. हिने थोड्या पैशांतही वस्तूला पळवाट म्हणून ठेवली नाही.

शेवटी अगदी खालच्या ढिगातून तिने एक मळकट हिरवी सॅक ओढली. नाव नाही, चित्र नाही. तळ दुहेरी, चेन जाड, बाजूचे खिसे कोपरापर्यंत खोल, वर काठी बांधायला पट्टी. किंमत दादाच्या रकमेत बसणारी. सवयीने तिची बोटं डाव्या पट्ट्याच्या मुळाशी गेली. चौकोन, फुली, आणि कोपऱ्यात एक, दोन, तीन, चार, पाच.

"अगं बाई!" ती ओरडलीच. "ही माझी!"

"अजून पैसे दिले नाहीत तुम्ही," दुकानदार म्हणाला.

पण तिला कुठे ऐकू येतंय! जगात इतके कारखाने, इतक्या सॅक, आणि दादासाठी तिच्याच हातची इथे येऊन पडलेली. पोटच्या पोराचा पहिला नंबर आल्यासारखी ती फुलली. पुढे काही बघायचं तिला सुचलंच नाही. पैसे दिले, सॅक स्वतःच्याच पाठीला लावली आणि रस्त्याने अशी चालत आली जशी मिरवणूकच.

शनिवारी संध्याकाळी दादाने सॅक भरली. ते बघायला डावी मुद्दाम थांबली. पोस्टमनच तो, भरण्यात त्याचा हात कोण धरणार? पत्रं गल्लीच्या क्रमाने लावायची सवय. जे शेवटी लागणार ते तळाशी, आधी लागणार ते वर, गळांची डबी उजव्या खिशात, कात्री डाव्या. एकदाही काढून परत घातलं नाही. सकाळी तो निघाला तेव्हा डावी वरून खिडकीतून बघत होती. वळणापाशी तो दिसेनासा झाला आणि तिने हुश्श केलं. मग खूप दिवसांनी आपल्यापुरता चहा साखर जास्त घालून केला.

चहा संपला नाही तोच खाली कुलूप वाजलं, तशी ती धावत उतरली. दादा परत आला होता. सॅक हातात, चेहरा पांढरा.

"काय झालं?"

"निसटतो." त्याने सॅक खिळ्याला अडकवली. "डावा पट्टा. दर दहा पावलांवर. ओढून ओढून खांदा भरून आला."

दुसरा कुठलाही पट्टा म्हणाला असता तर चाललं असतं. डावीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझा पट्टा? माझा पट्टा निसटत नाही! सव्वीस वर्षांत एक तक्रार नाही! तूच नीट घातली नसशील. लांबी कमी करायची बक्कल आहे, ती ओढलीस का?"

"ओढली."

"मग पुन्हा ओढ!"

"राहू दे धाकटे," दादा म्हणाला. "आता पुरे झालं. तळं काही माझी वाट बघत नाही." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. भांडायला समोर माणूस लागतो, तोही तिला उरला नाही. धाकटे म्हणाला, तेही अशा वेळी.

सोमवारी कारखान्यात तिने मशिनीवर सगळा राग काढला. दुपारी डबा खाताना उजवीला सगळी हकीकत सांगितली, पाच टाक्यांसकट. उजवीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू पट्टा बघितलास. खांदा बघितलास का?"

डावी तिच्याशी दिवसभर बोलली नाही. पण संध्याकाळी घरी आली ती वर न जाता तडक दादाच्या खोलीत शिरली. "ऊठ. सदरा काढ. भिंतीला पाठ लावून उभा राहा." दादा उभा राहिला. तिने खडूने भिंतीवर एक रेघ उजव्या खांद्याशी मारली, एक डाव्या. मग दादाला बाजूला केलं.

दोन रेघांमध्ये तीन बोटांचं अंतर होतं. आणि डावा खांदा नुसता खाली नव्हता, छपरासारखा बाहेर उतरत गेला होता. चौतीस वर्षं टपालाची झोळी त्याच खांद्यावर. रोज समोर दिसणारा भाऊ, आणि हे तिला कधी दिसलंच नव्हतं. अशा उतारावर कुठला पट्टा टिकणार? बक्कल ओढून काय होणार, कप्पाळ!

ती खाली जमिनीवरच बसली. आजवर हजारो पट्टे लावले, ते सगळे दोन सारख्या खांद्यांच्या माणसासाठी. असा माणूस तिने एकदाही विचारात घेतला नव्हता. साधा शिंपीसुद्धा आधी माप घेतो. आणि दादा येतो म्हणाला होता! दुकानात एकदा त्याच्या पाठीला लावून बघितली असती तर तिथेच कळलं असतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. दादाने सदरा चढवला.

आधी तिने सोपा उपाय करून बघितला. दोन्ही पट्ट्यांना छातीवरून आडवी दोरी बांधली. दादाने दोन मिनिटांत सोडून टाकली, म्हणाला श्वास कोंडतो. मग एकच रस्ता उरला. डावा पट्टा उसवायचा आणि दोन बोटं मानेकडे सरकवून पुन्हा लावायचा, म्हणजे तो उतारावर न बसता मानेच्या कडेला बसेल.

आता हे तुम्हाआम्हाला किरकोळ वाटेल. डावीला विचारा. ओझ्याची शिवण उसवायची नाही, हा कारखान्याचा पहिला नियम. सुईची भोकं पडलेलं कापड ओझ्याखाली तिकिटासारखं रेघेवर फाटतं. चुकलेला तुकडा कात्रीने मधोमध कापून टाकतात, कुणाला मोह होऊ नये म्हणून. सव्वीस वर्षांत स्वतःचा एक टाका तिने उसवला नव्हता.

पाचवा टाका निघायलाच तिला पाव तास लागला. "कुठल्या बयेने शिवलंय हे!" असं ती स्वतःलाच म्हणाली. चौकोन आणि फुली निघाली तेव्हा बोटांची टोकं लाल झाली होती. कोपऱ्यावरच्या चांभाराकडून तिने आरी, मेण लावलेला दोरा आणि चामड्याचा वीतभर तुकडा आणला. तो म्हणाला, ताई, ठेवून जा, उद्या करून देतो. "नको. चूक मी केली, मीच निस्तरते."

जुन्या भोकांवर आतून चामडं लावलं. मग आरीने एकेक भोक पाडायचं, एकेक टाका आवळायचा. मशिनीवर जे काम मिनिटाचं, त्याला दोन संध्याकाळी लागल्या. दर थोड्या वेळाने ती दादाला उभं करायची, पट्टा टाचणीने टोचून बघायची, एक गव्हाएवढा आत, एक गव्हाएवढा बाहेर. शेवटी सॅकमध्ये दोन विटा घालून त्याला खोलीभर फिरवलं. दहा पावलं. वीस. चाळीस. पट्टा हलला नाही. दादाने मान वळवून खांद्याकडे बघितलं, सॅक उतरवली आणि खुर्चीत जाऊन बसला. जाणार का, हे तिने विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

रविवारी ती उशिरा उतरली. खोलीला कुलूप होतं, खिडकीतून दिसणारा सॅकचा खिळा रिकामा. अर्धा तास ती जिन्यातच बसून राहिली, आत्ता येईल परत, आत्ता येईल. आला नाही. अकरा वाजले, बारा वाजले. मग दुसरी भीती सुरू झाली. पायवाटेवर घसरला असेल तर? हात वर होत नाही, काठाला धरायचं कशाने? दोन वाजता तिने चपला घातल्या, तीन वेळा काढल्या. चार वाजता ती दारातून निघालीच, तेवढ्यात वळणावरून दादा आला. सॅक पाठीवर, दोन्ही पट्टे जागच्या जागी, आणि चेहरा रागाने लालबुंद.

"हा एवढा!" त्याने लांबूनच दोन्ही हात पसरले. डावा तितकासा पसरला नाही, तरी पसरला. "एवढा होता, धाकटे! काठापर्यंत आणला मी त्याला! जाळी खाली घातली, आणि हातावर तुरी देऊन गेला हरामखोर!"

"बस तरी आधी, दादा."

"बसतोय! पण ऐक ना." तो पायरीवरच बसला, सॅक न उतरवता. दोरी कशी ताणली, बूच कसं बुडालं, शेजारी बसलेल्या शहाण्याने कसा चुकीचा सल्ला दिला, तो सल्ला ऐकून आपण कसे गाढव ठरलो, सगळं साग्रसंगीत. मध्येच उठून काठी कशी धरली ते दाखवलं. दाखवताना दोन शब्द अडखळला, दीड वर्षाचा गंज होता, पण थांबला नाही. पट्ट्याबद्दल एक अक्षर नाही. डावीलाही तो आठवला नाही. ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. मग?"

"मग काय, गेला!" दादाने गुडघ्यावर हात आपटला, आणि अचानक हसला. "तुझी वहिनी असती तर म्हणाली असती, मासा गेला तो गेला, वर आता माझं डोकं खाऊ नका."

ती गेल्यापासून त्याने तिचं नाव काढलं नव्हतं. डावी म्हणाली, "हो रे, अगदी असंच म्हणाली असती," आणि चहा टाकते असं सांगून आत गेली. नळ सोडला, पदर तोंडात कोंबला आणि पोटभर रडली. बाहेर दादा अजून बोलतच होता.